दरोडेखोराचं ताट

सासू-सासरे पुण्याहून यायच्या आदल्या रविवारी नवऱ्याने स्वयंपाकघरातला एक तवा वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यावर पिशवी चढवली आणि खाली केलरमध्ये नेऊन हिवाळी टायरांच्या मागे ठेवला. केलर म्हणजे इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला मिळणारी जाळीच्या दाराची खोली. ब्राउनश्वाइगची माणसं तिथे सायकली, जुन्या खुर्च्या आणि बटाट्याची पोती ठेवतात. आम्ही गुन्ह्याचं हत्यार ठेवलं. त्या तव्यावर नवरा दर शनिवारी श्निट्झेल तळायचा, म्हणजे मांसाचा बदडून पातळ केलेला तुकडा, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून. आणि पुण्यात त्याच्या आईची समजूत अशी होती, की आपला मुलगा परदेशात केकसुद्धा अंड्याचा नाही ना, हे विचारून खातो.

मी यात पडले नाही. माझं माहेर रत्नागिरीचं. लग्न ठरलं तेव्हा मासे सोडायचं मी कबूल केलं आणि सोडले. ब्राउनश्वाइगच्या शनिवारच्या बाजारात बर्फावर मांडलेले मासे दिसले की मी अजून शेजारच्या फुलांच्या गाडीकडे बघत पुढे जाते. ज्याच्या घरासाठी सोडले तो इथे मोटारींच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि पहिल्याच हिवाळ्यात सहकाऱ्यांच्या संगतीने कँटीनमध्ये बाटला. तेव्हा तो तवा टायरांमागे लपवताना त्याची जी तारांबळ उडाली ती मी कॉफीचा कप हातात घेऊन शांतपणे पाहिली. मदत केली नाही.

सासरे आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पेपर तपासायचे थांबले, पण हात थांबला नव्हता. ते प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क देत. विमानातल्या उपम्याला दोन. फ्रँकफर्टच्या विमानतळावरच्या स्वच्छतागृहाला साडेनऊ. आमच्या घराला त्यांनी सात दिले आणि "बाल्कनीचा अर्धा मार्क धरलाय" असं स्पष्टीकरणही दिलं. दहा त्यांनी कुणालाच कधी दिलेले नाहीत. नवऱ्याला बारावीला बोर्डात नंबर येता येता राहिला, तेव्हाही नऊच.

सासूबाईंचं वेगळं. त्या मार्क देत नाहीत, त्या ताट देतात. आपलं ताट आपलं, दुसऱ्याचं दुसऱ्याचं. उष्टं हा शब्द त्या इतक्या सहज उच्चारतात की त्यात कुणाचा अपमान आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. लग्नात भरवलेल्या घासानंतर त्यांनी सासऱ्यांच्या ताटातलं काही खाल्लेलं नाही, आणि आपल्या ताटातलं त्यांना दिलेलंही नाही. "एकदा हिच्या ताटातला पापड मागितला," सासरे सांगतात, "तर उठून नवीन भाजून आणला. तोवर माझं जेवण झालं होतं." यात तक्रार असते की कौतुक, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

आणि मग आमची मुलगी. वय वर्षं सहा. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. दोन वर्षांची असल्यापासून इथल्या बालवाडीत गेल्यामुळे नियम म्हटलं की तिचा चेहरा खुलतो. रस्त्यावर एकही गाडी नसली तरी सिग्नलवर लाल माणूस दिसला की ती थांबते, आणि तिचे बाबा थांबले नाहीत तर त्यांना सगळ्यांदेखत सुनावते.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. सासूबाईंनी प्रवासाचा शीण बाजूला ठेवून शिरा केला. केळं घालून, वरून तूप. सगळे टेबलाशी बसलो. मुलगी नव्या आजीवर बेहद्द खूश होती, त्यांच्या शेजारीच बसली होती, आणि तिने सरळ आपला चमचा आजीच्या ताटलीत घातला. सासूबाईंनी ताटलीवर हात धरला. "अगं, उष्टं होईल ना बाळा. थांब, तुला वेगळा देते." त्या उठल्या, वेगळ्या वाटीत जास्तीचा शिरा घेऊन आल्या, त्यावर बेदाणे लावले. तोवर मुलीने चमचा खाली ठेवला होता.

"नाइन, डांके," ती म्हणाली. नको, धन्यवाद.

लोकांना वाटेल, पोर रुसली. रुसली असती तर बरं झालं असतं, रुसवा काढता येतो. तिने ते नियम म्हणून लिहून घेतलं. बालवाडीत त्यांना शिकवतात की दुसऱ्याने नाही म्हटलं म्हणजे नाही, आणि ते परत परत विचारायचं नसतं. आजीचं ताट बंद आहे, अशी नोंद तिच्या डोक्यात झाली आणि ताटाबरोबर आजीही त्या नोंदीत गेली. त्यानंतर सासूबाईंनी लाडू दिला, नाइन डांके. पोळीचा चुरमा दिला, नाइन डांके. मांडीवर ये म्हटलं, तरी तेच, अगदी गोड आवाजात. खालच्या मजल्यावर एक जर्मन बाई राहतात, त्यांना ती "ओमा" म्हणते, म्हणजे आजी. त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात तिचा हात कोपरापर्यंत असतो. सासूबाईंची ओळख ती मैत्रिणींना करून देई तेव्हा म्हणे, "ही भारतातली ओमा." जसं काही भारतातून आलेलं कुरिअर.

एकदा भांडी पुसताना सासूबाई म्हणाल्या, "मी जायच्या आत एकदा तरी तिने माझ्या हातचं खावं. नाहीतर मी इथे येऊन केलं काय? रस्ते पाहिले आणि चर्च पाहिलं." मी पुसलेलं भांडं परत पुसलं.

मे महिन्यातली जोडून सुट्टी आली आणि नवऱ्याने हार्त्स पर्वतात तीन दिवसांचं घर घेतलं. ब्राउनश्वाइगहून गाडीने तासाभराच्या अंतरावर डोंगर, जंगलं, लाकडी घरांची गावं. सासऱ्यांनी निघायच्या आधीच सभा घेतली. "घरून काहीही बांधून न्यायचं नाही. जिथे जाल तिथलं खा. शाकाहारात बसेल ते सगळं खायचं." त्यांच्या बॅगेत तेव्हा लसणाच्या चटणीची बाटली होती, पण ती औषधांच्या कप्प्यात असल्यामुळे ती धरायची नव्हती.

पहिल्या दिवशी तिथलं खायची संधीच मिळाली नाही. आम्ही मराठी माणसं सुट्टीवर गेलो की आवरायला जो वेळ लावतो तो लावून, धबधबा बघून, फोटो काढून, सव्वादोनला एका खानावळीत पोचलो. आत माणसं होती, टेबलं होती, वास होता. मालकाने घड्याळाकडे बोट दाखवलं. गरम स्वयंपाक दोनपर्यंत. पुन्हा साडेपाचला. नवऱ्याने आपल्या सर्वांत नम्र जर्मनमध्ये विचारलं, काहीच नाही का? मालक म्हणाला, केक आहे, बिनअंड्याचासुद्धा.

मला राग आला. सासरे मात्र उजळले. दुपारी दार बंद ठेवणारा, गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणणारा आणि त्याबद्दल तसूभरही वाईट न वाटणारा माणूस त्यांना सातासमुद्रापार भेटला होता. "आपला माणूस," ते म्हणाले. "आठ." मग आम्ही पाच जणांनी जेवणाऐवजी केक खाल्ला. एकेक तुकडा विटेएवढा, वर सायीचा डोंगर. मुलीने बाबांच्या केकमधली चेरी उचलली, माझ्यातली साय उचलली, आजोबांच्या बशीतला चुरा बोटाने टिपला. सासूबाईंनी आपली बशी हळूच तिच्या बाजूला सरकवली. मुलीने ती अदबीने परत त्यांच्यासमोर सरळ करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या शतावरीचा दिवस होता. तिला इथे श्पार्गल म्हणतात, आणि ती काही आठवडेच मिळते. त्या आठवड्यांत शहाणीसुरती जर्मन माणसं वेडी होतात. रस्त्याच्या कडेला टपऱ्या लागतात, कुठल्या गावची चांगली यावर वाद होतात, आणि ऑफिसात काल घरी श्पार्गल केली होती हे सांगितल्याशिवाय मीटिंग सुरू होत नाही. सासऱ्यांना ही मनोवृत्ती बरोबर कळली. "हापूस," ते म्हणाले. "बोलू नका. आणा." ताट आलं. पांढऱ्या काड्या, पिवळे उकडलेले बटाटे, वितळलेलं लोणी. मीठ कुणीतरी लांबून दाखवलं असावं. सासऱ्यांनी डोळे मिटून एक काडी खाल्ली, मग दुसरी. आम्ही सगळे निकालाची वाट बघत होतो.

"माझ्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर," ते अखेर म्हणाले, "तिसऱ्या दिवशी हेच दिलं होतं. तिथे फुकट होतं."

इतक्यात वेट्रेस आली आणि तिने जेवण आवडलं का म्हणून विचारलं. या देशात ताटं उचलताना हा प्रश्न विचारायचा रिवाज आहे, आणि "हो, छान होतं" एवढंच उत्तर द्यायचं असतं. नवऱ्याने ते दिलंही. सासऱ्यांनी त्याला थांबवलं. "तिने विचारलंय. आपण खोटं का सांगायचं? तिला सांग, वस्तू चांगली आहे, पण फोडणीवाचून वाया गेली. साडेचार." नवऱ्याने तिच्याकडे पाहून काहीतरी लांबलचक सांगितलं. ती हसून गेली. तो काय म्हणाला हे मला ऐकू आलं होतं. तो म्हणाला होता, माझे वडील म्हणतात की असं त्यांनी यापूर्वी एकदाच खाल्लं होतं, आणि ते अजून विसरलेले नाहीत.

त्या रात्री मुलगी आमच्या खोलीत झोपायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, आजीशेजारी झोप ना. ती म्हणाली, जर्मनमध्ये, की भारतातल्या ओमाला तिच्या वस्तूंना हात लावलेला आवडत नाही. मी म्हटलं, असं नाहीये गं. ती म्हणाली, "डोख." आहे तसंच. पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्या होत्या. भिंती लाकडाच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही शहाणपणाने साडेबारालाच एका गावातल्या जुन्या खानावळीत जाऊन बसलो. बसकं छत, भिंतीवर हरणांची शिंगं, खिडकीत जिरेनियम. सासऱ्यांनी शिंगांचे मार्क राखून ठेवले. वेट्रेस उंच, रुंद, पांढऱ्या आखूड केसांची, एका हातात चार ताटं घेऊन फिरणारी. तिच्याशी कुणी वाद घालत नसावं.

मेनूकार्ड बघताना माझ्या लक्षात आलं की नवऱ्याची नजर एकाच ओळीवर खिळली आहे. तीन आठवडे त्याने आईच्या हातची भेंडी, भरीत, मुगाचं वरण खाल्लं होतं, प्रेमाने खाल्लं होतं, पण माणूस शेवटी माणूस असतो. त्याने घसा खाकरला. "आई, इथे सेलरीचं श्निट्झेल मिळतं. सेलरी म्हणजे एक कंद, सुरणासारखा. मी ते घेतो." सेलरीचं श्निट्झेल खरोखरच असतं. त्या कार्डावरही होतं. पण त्याने वेट्रेसला जे सांगितलं ते त्याच्या वरच्या ओळीतलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो शिंगांकडे पाहत होता.

सासऱ्यांनी, अंडं नाही ना हे विचारून, चीज घातलेल्या शेवया मागवल्या. मी मश्रूम आणि परतलेले बटाटे. सासूबाईंसाठी मी सालीसकट उकडलेले बटाटे आणि क्वार्क सांगितला. क्वार्क म्हणजे सरळ आपला चक्का, वर हिरवा मसाला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना त्यांचं म्हणता येईल असं काहीतरी मिळत होतं.

"आणि मला रॉयबरटेलर," मुलगी म्हणाली.

हे सासू-सासऱ्यांना समजावून सांगावं लागलं. जर्मन खानावळीत लहान मुलांसाठी एक प्रकार असतो. काटा-चमच्यासह एक रिकामं ताट. नाव दरोडेखोराचं ताट. मुलाने सगळ्या मोठ्यांच्या ताटांवर दरोडा घालायचा आणि आपलं ताट भरायचं. फुकट. कार्डावर इतर पदार्थांच्या रांगेत छापलेलं असतं, आणि त्याखाली वयाची अट.

सासरे थक्क झाले. "म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खायला यांना परवाना लागतो?"

"लागतो," मी म्हटलं. "बारा वर्षांपर्यंतच."

"आपल्याकडे जन्मभर चालतं," ते म्हणाले, मग बायकोकडे बघून, "काही अपवाद वगळता." सासूबाई दरोडेखोर या शब्दाचा विचार करत होत्या असं वाटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि खुर्ची थोडी मुलीकडे ओढली.

ताटं आली. मुलीसमोर रिकामं ताट आलं, त्यावर मुखवटा घातलेल्या चोराचं चित्र. वेट्रेसने तिला वाकून सांगितलं, "कुणालाही सोडायचं नाही हं." मुलगी कामाला लागली. आजोबांच्या शेवयांचा एक गुंता उचलला. माझे परतलेले बटाटे, खरपूस बघून बघून. बाबांच्या ताटाकडे गेली तेव्हा नवऱ्याने स्वतःच घाईघाईने दोन तुकडे कापून तिच्या ताटात टाकले, म्हणजे चर्चा व्हायला नको. मग ती आजीच्या ताटाशी आली आणि थांबली. पुढे माणसं नव्हती. तिच्या लेखी दरोड्याची फेरी तिथेच संपली होती.

सासूबाईंनी तोवर एका बटाट्याची साल काढून, तो कुस्करून, त्यावर क्वार्क घालून ठेवला होता. तिच्या तोंडात मावेल एवढा घास बाजूला काढून ठेवला होता. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "घे बाळा. घे तू यातलं. मी काही म्हणणार नाही."

मुलीने त्या घासाकडे पाहिलं. क्वार्क तिला जीव की प्राण. मग हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "नाइन, डांके, आजी. डास इस्ट डाइन्स."

"काय म्हणाली?" सासूबाईंनी मला विचारलं.

"म्हणाली, ते तुमचं आहे."

बरेचदा मी त्यांच्यावर चिडलेली असते. त्यांच्या वेगळ्या पातेल्यांवर, माझ्या ओट्यावरून त्यांनी दुसऱ्यांदा फिरवलेल्या फडक्यावर. त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली की मला शेजारच्या टेबलावरच्या लोकांचाही राग आला. सासूबाईंनी तो काढून ठेवलेला घास परत मधे सारला. खाल्ला मात्र नाही.

थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, "त्या बाईंना सांग, मलाही एक तसलं रिकामं ताट हवंय."

मी वेट्रेसला बोलावून सांगितलं. तिने सासूबाईंकडे पाहिलं, त्यांच्यासमोरच्या भरल्या ताटाकडे पाहिलं. "फक्त मुलांसाठी आहे," ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात. दोनला स्वयंपाक बंद होतो, तसं ते होतं. सासऱ्यांनी भाषांतर ऐकून मान डोलावली. "बरोबर आहे तिचं. वय छापलंय खाली."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी आपला काटा उचलला, हात लांब केला आणि नातीच्या ताटावर नेला.

ते ताट डोळ्यांपुढे आणा. एका कडेला शेवया, एका कडेला परतलेले बटाटे, आणि मधे ते दोन सोनेरी तुकडे, ज्यातला एक मुलीने अर्धा खाल्लेला. काटा त्या तुकड्यांच्या दिशेने निघाला होता. बोलावं तर नवऱ्याचं बिंग फुटतं. न बोलावं तर त्या बाईने आयुष्यभर सांभाळलेलं एका घासात जातं, आणि तेही तिला न कळता. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी नवरा अर्धवट उभा राहिला. त्याची खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली.

"आई, ते नको. ते सेलरीचं नाहीये."

शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या.

"माहीत आहे मला," सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "मी बटाटा घेतेय."

आणि त्यांनी बटाटा घेतला. तो बटाटा त्या तुकड्याला टेकून होता. त्याच्या एका टोकाला मुलीच्या दातांची खूण होती. त्यांच्या स्वतःच्या ताटात दोन अख्खे बटाटे होते. त्यांनी तो उष्टा बटाटा तोंडात घातला, नीट चावला आणि गिळला. तोंड वाकडं झालं नाही. डोळे तेवढे एकदा मिटले.

"कशाचं आहे मग?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही शेवया खा," त्या म्हणाल्या. मग मुलाला म्हणाल्या, "बस खाली. लोक बघताहेत. आमच्या रिकाम्या बॅगा ठेवायला मी तुझ्या बायकोबरोबर तळघरात गेले होते. टायरांमागे तवा कुणी ठेवतं का रे? गंजून जाईल. घरी गेलास की वर आण. माझ्या पोळीच्या तव्याशेजारी ठेवू नकोस, एवढंच." नवरा बसला. त्यांचं संपलं नव्हतं. "आणि स्वतः हे सुरू केलंस तर हिचे मासे का रे बंद ठेवलेस? हिने काय घोडं मारलंय?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझ्या माशांबद्दल त्या घरात कुणी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मी समोरचं मश्रूम खाल्लं.

मुलगी मात्र या कशातच नव्हती. ती आजीकडे डोळे विस्फारून बघत होती, आणि तिचा चेहरा लाल सिग्नल तोडणाऱ्या माणसाकडे बघताना होतो तसा झाला होता. "आबर आजी," ती म्हणाली, म्हणजे पण आजी, आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये. तिचं म्हणणं असं, की तुझ्याकडे तर रॉयबरटेलरच नाहीये. तुला चालत नाही.

मी ते सांगितलं. सासूबाईंनी त्यावर गंभीरपणे विचार केला.

"रिकामं ताट घेऊन येतात ते पाहुणे," त्या नातीला म्हणाल्या. "दरोडेखोर कधी ताट घेऊन येतो का?"

मुलीला मराठी सगळं कळतं. तिने कपाळाला आठी घालून हे तपासून पाहिलं. वेट्रेसकडे एक नजर टाकली, ती पलीकडे बिलं करत होती. मग तिने आपला काटा उचलला, तोच, ज्याने श्निट्झेल खाल्लं होतं, आणि तो आजीच्या ताटात, क्वार्कमध्ये, सरळ मधोमध खुपसला. सासूबाईंचा हात ताटावर गेला नाही. तो टेबलाची कड धरून राहिला, बोटं पांढरी होईपर्यंत, पण ताटावर गेला नाही. मुलीने क्वार्क चाटला, परत काटा घातला, आणि तो मघाचा कुस्करलेला घास उचलून खाल्ला. लगेच सासूबाईंनी तिची एक शेवई ओढली. ती अर्धी ताटात, अर्धी काट्यावर, लांबच लांब होत गेली आणि मुलगी खुर्चीतून पडेपर्यंत हसली.

"पापड," सासरे हळूच म्हणाले. "मी पापड मागितला होता." त्यांनी आपल्या ताटातला शेवयांचा थोडा भाग कडेला आणून बायकोच्या दिशेने ठेवला आणि वाट पाहिली. तिकडे कुणी फिरकलं नाही. शेवटी त्यांनीच तो खाल्ला.

वेट्रेस ताटं उचलायला आली. आजीच्या ताटात शेवया होत्या, नातीच्या ताटात बटाट्याची साल आणि क्वार्क, आणि दोघींच्या मधल्या टेबलक्लॉथवर सगळं थोडं थोडं. तिने भुवया उंचावल्या आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, आवडलं का? नवऱ्याने बापाकडे पाहिलं. सासऱ्यांनी हात हलवला, आज पेपर तपासणार नाही अशा अर्थाने.

उत्तर मुलीने दिलं. खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली, आजीच्या खांद्यावर हात टाकला, तो हात क्वार्कने माखलेला, आणि मोठ्याने म्हणाली, "डास इस्ट माइने आजी. डी क्लाउट."

वेट्रेस हसली आणि ताटं घेऊन गेली. सासूबाईंनी खांद्यावरचा हात तसाच राहू दिला. साडी सुती होती, डाग पडणार होता.

"काय सांगितलं तिने बाईंना?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणाली, ही चोरी करते."

"ते कळलं मला तिच्या तोंडावरून. त्याच्या आधी काय म्हणाली?"

"आधी म्हणाली, ही माझी आजी."

सासूबाईंनी मान हलवली. समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, तो परत खाली ठेवला.

"परत सांग," त्या म्हणाल्या.